आच्छादन आणि आवरण

गृहस्थाच्या घरातील बहुतेक वस्तूंना काही ना काही आच्छादन असते. उशीला अभ्रा, गादीला खोळ, पोथीला बासन, वीणा-तंबोऱ्याला गवसणी. मराठी भाषेने प्रत्येक आच्छादनास निराळे नाव राखून ठेवले आहे. यावरून आपल्या पूर्वजांनी वस्तू जपण्याच्या कामी किती लक्ष घातले होते, हे दिसून येते. त्यांतही गवसणी हा शब्द विशेष विचार करण्यासारखा आहे. अभ्रा कोणत्याही उशीला चालतो. परंतु तंबोऱ्याची गवसणी वीणेस येत नाही आणि एका वीणेची दुसरीस नीट बसेलच असे नाही. जिचे माप घेतले, तिचीच ती होय. म्हणूनच अशक्य कोटीतील कार्यास 'आकाशाला गवसणी घालणे' असे म्हणतात. ज्यास आकार नाही, अंत नाही, त्याचे माप कोण घेणार आणि त्यावर कापड कोण बेतणार?

या साध्या वस्तूच्या निमित्ताने एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. मौल्यवान वस्तू झाकून, जपून ठेवणे हा गृहस्थाचा धर्म की मोह? एक पक्ष म्हणेल, जे मिळाले ते राखणे हे कर्तव्यच आहे. हयगय करणारा मनुष्य दरिद्री होतो आणि कृतघ्नही ठरतो. दुसरा पक्ष म्हणेल, वस्तू नाशवंत आहे; तिच्यासाठी कापड शिवीत बसणे म्हणजे मातीस मिठी मारणे. दोन्ही पक्षांस शास्त्राचा आधार दाखविता येतो. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी अनन्य भक्ताचा योगक्षेम स्वतः वाहण्याचे अभिवचन दिले आहे. तर दुसऱ्या अध्यायात अर्जुनास 'निर्योगक्षेम' होण्याचा उपदेश केला आहे. भाष्यकारांनी अर्थ स्पष्ट केला आहे तो असा की, न मिळालेले मिळविणे हा योग आणि मिळालेले राखणे हा क्षेम. मग ज्याने निर्योगक्षेम व्हावयाचे, त्याने वाद्यावर गवसणी घालावी की काढून टाकावी?

या प्रश्नाचा विचार करण्यास तंजावरसारखे दुसरे नगर क्वचितच सापडेल. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले आणि १८५५ मध्ये ते राज्य इंग्रजांनी खालसा केले. राज्य गेले, परंतु त्या राज्यकर्त्यांनी जपलेले जे होते, ते पुष्कळसे राहिले. १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर असलेले दुसरे सरफोजीराजे यांनी नायक राजांच्या काळापासून चालत आलेला ग्रंथसंग्रह अनेक पटींनी वाढविला. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते आजही सांभाळली जातात. त्यांतील मराठीच तीन हजारांहून अधिक आहेत. याच राजांनी पाश्चात्य वाद्यवृंद पदरी बाळगला, आणि त्या संगीताच्या स्वरलिपीचे कागदही त्यांच्या संग्रहात आहेत. कर्नाटक संगीतात व्हायोलिन हे परदेशी वाद्य घरचे होऊन बसले, त्यातही तंजावरच्या कलावंतांचा मोठा वाटा आहे. तेव्हा तंजावरच्या मराठी घरात वीणेच्या शेजारी पियानो दिसला, तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

अशाच एका घरातील प्रसंग दृष्टान्तादाखल घेऊ.

गृहस्थ वयाने सत्तरीच्या पुढचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. पत्नी शाळेत संगीत शिकवीत असे. तिच्या हौसेखातर त्यांनी मद्रासहून एक जुना, भिंतीला लावून ठेवण्याचा पियानो विकत आणला होता. पत्नीने आपल्या हाताने माप घेऊन जाड सुती कापडाची गवसणी शिवली. दिवेलागणीनंतर ती गवसणी काढी, घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकी, तासभर वाजवी आणि पुन्हा ती चढवी. हा क्रम अनेक वर्षे चालला. पुढे पत्नीचे निधन झाले. त्यानंतर गृहस्थांनी सुती गवसणीवरून रेक्झीनची दुसरी गवसणी चढविली. कारण तंजावरात आश्विन-कार्तिकात ईशान्येकडील पाऊस कोसळू लागला म्हणजे घरातील भिंतीही दमट होतात. दर शुक्रवारी ते त्या रेक्झीनवरील धूळ स्वतः पुशीत. वाद्य मात्र अकरा वर्षे कोणी उघडले नाही.

नात दहा वर्षांची झाली. ती एके दिवशी म्हणाली, "आजोबा, हे उघडू का?" आजोबा म्हणाले, "नको बाळ, खराब होईल." सून काही बोलली नाही. सासऱ्यांच्या मनातील ते स्थान किती नाजूक आहे, हे तिला ठाऊक होते. असे दोनदा-तीनदा झाले.

त्या प्रांतात नवरात्रातील महानवमीस सरस्वतीपूजा होते. पोथ्या, पुस्तके आणि वाद्ये देवीपुढे मांडतात, त्यांस गंध-फूल वाहतात आणि त्या दिवशी त्यांस कोणी हात लावीत नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीस, पुन्हा पूजा करून पुस्तक उघडून थोडे तरी वाचावयाचे आणि वाद्य थोडे तरी वाजवावयाचे, असा दंडक आहे. त्या घरीही नवमीस पियानोच्या रेक्झीनवर कुंकवाचे बोट लागले. दशमीच्या सकाळी शेजारच्या वृद्ध वैणिकांच्या घरातून वीणेचा स्वर ऐकू आला. नातीने आपले पाठ्यपुस्तक उघडून चार ओळी वाचल्या आणि मग विचारले, "आजोबा, आजीच्या पियानोची विजयादशमी कधी?"

गृहस्थ त्या वेळी निरुत्तर झाले. दुपारी ते वैणिकांकडे गेले आणि म्हणाले, "आपण एवढी जुनी वीणा रोज वाजविता. ती झिजेल अशी आपल्याला भीती वाटत नाही काय?" वैणिक म्हणाले, "झिजतेच. पितळेच्या पडद्यांवर तारेने चरे पडतात, ते घासून घ्यावे लागतात. पडदे बसविलेले मेण काही वर्षांनी बदलावे लागते. पण तुम्ही विचारता ते उलट्या बाजूने विचारून पाहा. माझ्या तरुणपणी एका वैशाखात मी ही वीणा गवसणीवाचून खिडकीशी ठेवून गावाला गेलो होतो. परत येऊन पाहतो तो मेण मऊ होऊन पडदे कलंडलेले. वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, वीणेला तू झाकले नाहीस हे चुकले, आणि महिनाभर वाजविले नाहीस हे त्याहून चुकले. तेव्हापासून रोज उघडतो आणि रोज झाकतो."

वैणिकांचे हे बोलणे तंजावरच्या वीणेची घडण ज्यास ठाऊक आहे त्यास सहज पटेल. ही वीणा फणसाच्या लाकडातून कोरतात. तिचे चोवीस पडदे कोळशाची पूड मिसळलेल्या मेणावर बसविलेले असतात. २०१३ मध्ये या वीणेस भौगोलिक मानांकन मिळाले; तो मान तिच्या लाकडाइतकाच हे मेण पुनःपुन्हा बसविणाऱ्या हातांचाही आहे. जी वस्तू दुरुस्त होऊ शकते, तिचे आयुष्य वापराने संपत नाही.

गृहस्थांनी वाद्याचे सूर लावणाऱ्या कारागिरास बोलाविले. दोन्ही गवसण्या उतरविल्या, पुढील फळी काढली आणि आतील दृश्य सर्वांनी पाहिले. रेक्झीनमधून दमट हवा आत जाण्यास अडली नव्हती, ती खालून आणि मागून शिरलीच होती. मात्र तिला बाहेर पडण्यास वाट राहिली नव्हती. तारांवर गंज चढला होता. तारांवर आघात करणाऱ्या छोट्या हातोड्यांना लोकरीचा दाबलेला नमदा असतो. त्यास कसर लागली होती. कारागीर म्हणाला, "कसरीला अंधार लागतो आणि शांतता लागते. रोज वाजणाऱ्या वाद्यात ती सहसा टिकत नाही." पट्ट्या जुन्या काळातील हस्तिदंताच्या होत्या. त्या पिवळ्या पडल्या होत्या. गृहस्थ म्हणाले, "या तर मी कधी उघड्या ठेवल्या नाहीत. उजेडाचा स्पर्शही होऊ दिला नाही." कारागीर म्हणाला, "म्हणूनच पिवळ्या पडल्या. हस्तिदंत अंधारात पिवळा होतो. उजेडात पांढरा राहतो."

येथे दृष्टान्त क्षणभर थांबवून त्यातील तत्त्व पाहिले पाहिजे.

या गृहस्थांनी आळस केला नव्हता. दर शुक्रवारी धूळ पुसणारा मनुष्य आळशी नव्हे. त्यांनी पैशाचाही लोभ धरला नव्हता. तरीही त्यांच्या संरक्षणानेच वाद्याचा नाश होऊ लागला. असे का झाले? मराठीत 'कसर' हा शब्द दोन अर्थांनी येतो: वस्त्र-पुस्तक खाणारा किडा ही एक कसर, आणि हात राखून खर्च करणे ही दुसरी. जेथे दुसरी कसर प्रमाणाबाहेर होते, तेथे पहिली आपोआप लागते. वस्तूचा उपयोगच न करणे हा काटकसरीचा कळस वाटतो. परंतु ज्या वस्तूचा उपयोगच होत नाही, तिचे काय वाचविले?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात काम ज्ञानास कसे झाकतो हे सांगताना तीन उपमा आल्या आहेत. धुराने अग्नी झाकला जातो, मळाने आरसा आणि वेष्टनाने गर्भ. त्या स्थळी तीनही उपमा एकाच आवरणाच्या आहेत. तथापि गृहस्थाने त्या वेगवेगळ्या करून पाहिल्या, तर त्यांतून व्यवहाराचा मोठा बोध निघतो. धूर हा अग्नीबरोबरच जन्मतो. फुंकर घातली की अग्नी प्रकट होतो. मळ हा हयगयीने साचतो. तो पुसावा लागतो. तिसरे वेष्टन मात्र या दोहोंहून निराळे आहे. ते गर्भाचे शत्रू नव्हे. नऊ महिने तेच त्याला राखते. त्याच्यावाचून गर्भ जगता ना. परंतु वेळ भरल्यावर ते फाटलेच पाहिजे. न फाटले, तर ज्याने राखले त्यानेच तो गुदमरेल. गवसणी ही या तिसऱ्या जातीची आहे. ती वाईट नाही, आणि तिचा चांगुलपणा तिच्या कापडातही नाही. ती वेळेवर उतरते की नाही, यावर तिचे आच्छादन असणे किंवा आवरण होणे अवलंबून आहे. हाताने चढते आणि हाताने उतरते, ते आच्छादन. हाताने चढते, पण मग हात पुढे होत नाही, ते आवरण. मग ते वाद्यावर दिसत असले तरी खरे मनावर पडलेले असते.

त्या गृहस्थांच्या मनावर काय पडले होते? त्यांनी ते त्या रात्री सुनेस सांगितले. म्हणाले, "मुली, खराब होईल ही सबब होती. दुसऱ्या कोणाची बोटे त्यावर पडली तर हिची बोटे पुसली जातील, असे मला वाटत असे. आवाज निघाला आणि तो हिचा नसला, तर काय करावे हे मला सुचत नव्हते." सून म्हणाली, "मामंजी, सासूबाईंनी गवसणी काढली नाही असा एक दिवस मला आठवत नाही."

गृहस्थांचे दुःख खोटे नव्हते, आणि त्यास कोणी हसू नये. परंतु गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस ज्ञानाचे जे लक्षण दिले आहे, ते अशा ठिकाणी फार सूक्ष्मपणे लागू पडते. एकाच कार्यास, एकाच वस्तूस, तीच सर्वस्व असल्याप्रमाणे चिकटून राहणे, हे ते लक्षण होय. पत्नी म्हणजे पियानो नव्हे. तिच्या जीवनाचे सार त्या लाकडात नव्हते. ते रोज संध्याकाळी गवसणी उतरविण्यात, शाळेतील मुलींस स्वर शिकविण्यात होते. तिचे लाकूड राखले आणि तिचा नेम मोडला, तर राखले काय आणि मोडले काय, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

सरस्वती महालाचे उदाहरण याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ताडपत्रांच्या पोथ्या लाकडी फळ्यांमध्ये ठेवून दोरीने बांधलेल्या असतात, वर बासन असते. सरफोजीराजे १८२० च्या सुमारास काशीयात्रेस गेले, तेव्हा तेथूनही त्यांनी ग्रंथ जमविले. हा संग्रह राजवाड्यातच बंद राहिला असता, तर कसर आणि वाळवी यांनी तो केव्हाच वाटून घेतला असता. परंतु संस्कृत हस्तलिखितांची बर्नेलकृत सूची १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. १९१८ मध्ये ग्रंथालय लोकांस खुले झाले. पुढे अनेक ग्रंथ संपादित होऊन छापले गेले. बासन सुटले म्हणून ग्रंथ राहिले. जुने लेखक पोथीच्या शेवटी एक विनंती लिहीत असत: तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. या विनंतीतील शेवटचे वचन लक्षात घेण्यासारखे आहे. मूर्खाच्या हाती देऊ नका असे जो म्हणतो, तो शहाण्याच्या हाती द्या असेच सुचवितो. कोणाच्याच हाती देऊ नका, असे लिहिणारा लेखक ग्रंथ लिहिलाच कशासाठी?

आता मूळ शंकेकडे वळू. निर्योगक्षेम व्हा, या उपदेशाचा अर्थ वस्तू उघड्यावर टाका असा होत नाही. ज्याने वीणा उन्हात टाकली, तो विरक्त नव्हे, बेफिकीर होय. आणि बेफिकिरीने दुसऱ्याच्या श्रमाचा अपमान होतो. फणसाचे झाड वाढण्यास किती वर्षे लागली, कारागिराने किती दिवस कोरले, हत्तीचा दात कोणत्या हिंसेने आला, हे सर्व त्या वस्तूत साठलेले असते. ते वाया घालविण्याचा अधिकार मालकासही नाही. दुसऱ्या बाजूने, ती वस्तू केवळ आपल्याजवळ आहे एवढ्याच समाधानासाठी राखणे, हेही वाया घालविणेच. तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे वर्णन करताना भगवंतांनी असे सांगितले आहे की, देवांनी दिलेले जो त्यांस परत न देता भोगतो, तो चोर होय. वाद्याच्या बाबतीत परत देणे म्हणजे काय? स्वर हेच त्याचे देणे. जे वाद्य स्वर देत नाही, ते भोगलेही गेले नाही आणि अर्पिलेही गेले नाही. ते केवळ अडविले गेले.

म्हणून गृहस्थाने प्रत्येक जपलेल्या वस्तूजवळ उभे राहून तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. हिचे आच्छादन हिच्या मापाचे आहे, की माझ्या भीतीच्या मापाचे? सुती गवसणी वाद्याच्या मापाची होती. तिच्यातून हवा येत-जात होती. रेक्झीनची गवसणी भीतीच्या मापाची होती. दुसरा प्रश्न: हे आच्छादन शेवटी केव्हा उतरविले? ज्याचे उत्तर आठवत नाही, तेथे आवरण सुरू झाले आहे असे समजावे. आणि तिसरा: माझ्यानंतर हे कोणाच्या हाती जावे, आणि तो हात आजच तयार करण्यास मी काय केले? वस्तू वारसास देणे सोपे आहे. वस्तू वापरण्याची योग्यता देणे हाच खरा वारसा. दहा वर्षांच्या मुलीस गवसणी हळूच कशी उतरवावी, घडी कशी करावी, हात धुऊन मगच पट्ट्यांना कसे शिवावे, हे शिकविण्यास आजोबांइतका योग्य गुरू कोण असणार होता?

हे नियम पियानोपुरते नाहीत. पेटीतील पैठणी, कपाटातील चांदीची भांडी, कुलूपबंद दिवाणखाना, आणि पुष्कळदा मुलेबाळेही याच नियमात येतात. आईबाप मुलास उन्हापावसापासून राखतात, ते योग्यच. परंतु वेळ भरल्यावर त्यास मोकळे करण्यास ज्यांचा हात पुढे होत नाही, त्यांचे प्रेमही त्या रेक्झीनसारखे होते. विद्येचेही तसेच. जी विद्या पंडिताच्या घरात बासनात राहिली, तिचे पुढे काय झाले हे ज्याच्या त्याच्या गावात पाहावयास मिळते.

ईशावास्य उपनिषदाच्या नावातच या विचाराचा शेवट दडला आहे. 'वास्य' या शब्दाचा अर्थ आचार्यांनी 'आच्छादन करण्यास योग्य' असा केला आहे. जगातील जे जे म्हणून आहे, ते ईश्वराने आच्छादावे; म्हणजे ते त्याचे आहे या जाणिवेने झाकावे; त्याग करून भोगावे आणि कोणाच्याही धनाची अभिलाषा धरू नये, असा त्या पहिल्या मंत्राचा आशय आहे. आकाशाला गवसणी घालता येत नाही असे आपण म्हणतो. परंतु ही एक जाणीव अशी आहे की, ती आकाशासही पुरते आणि घरातील लहानशा वाद्यासही नेमकी बसते. ज्याने वस्तूवर 'माझे' हे आच्छादन घातले, त्यास ते उतरविताना हात कापतो. ज्याने 'त्याचे' हे आच्छादन घातले, त्यास ते उतरवावे लागतच नाही; त्याच्या आतूनच वस्तू वापरता येते, देता येते आणि वेळ आली म्हणजे सोडताही येते.

त्या घरी पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. सगळे पूर्ववत झाले नाही. काही तारा बदलाव्या लागल्या, हातोड्यांवर नवा नमदा चढविण्यास बराच खर्च आला, आणि पट्ट्यांचा पिवळेपणा पुरता गेला नाही. झाकणे आता दिवसा उघडे असते. रेक्झीनची गवसणी सुनेने कापून सायकलीवर घातली. सुती गवसणी मात्र तीच आहे. तिची एक शिवण उसवली होती, ती गृहस्थांनी स्वतः चष्मा लावून घातली. दिवेलागणीनंतर नात ती उतरविते आणि खुर्चीच्या पाठीवर टाकते. तिचे वाजविणे अद्याप कच्चे आहे. आजोबा समोर बसून ऐकतात. तो स्वर पत्नीचा नाही, हे त्यांना पहिल्या दिवशीच कळले. आणि तो नसूनही आपण ऐकू शकतो, हेही त्याच दिवशी कळले. वाजविणे संपले की ते उठतात, आणि दोघे मिळून, एक या टोकाने व दुसरे त्या टोकाने, गवसणी चढवितात. दुसऱ्या दिवशी ती उतरणार आहे, हे आता दोघांनाही ठाऊक असते.